भिंतीवरचे दप्तर
(वाशिंद येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चित्रकलेवर व्याख्यान म्हटले की श्रोते अजिंठ्याची अपेक्षा करतात. मी आज आपणांस अजिंठ्याला नेणार नाही. आपल्याच घराच्या ओटीवर, माजघराच्या दारावर आणि देव्हाऱ्याच्या मागे जी छापील चित्रे टांगलेली असतात, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. गजलक्ष्मी, रामपंचायतन, शेषशायी विष्णू, भवानीमातेकडून तलवार स्वीकारणारे शिवाजी महाराज, बुद्ध आणि बाबासाहेब, भातगिरणीच्या किंवा किराणा दुकानाच्या नावाचे जुने कॅलेंडर, ही ती चित्रे. आपण त्यांना कला म्हणत नाही, तसबिरी म्हणतो. संग्रहालयात त्यांना जागा नव्हती आणि दप्तरखान्यात तर मुळीच नव्हती. परिणामी आपल्या गेल्या दीडशे वर्षांच्या गृहजीवनाचा हा एवढा मोठा पुरावा बहुतांशी नोंदीवाचूनच नाहीसा होत आला आहे.

या चित्रांचा जन्म आपल्यापासून फार दूर झालेला नाही. पुण्याच्या चित्रशाळेची स्थापना १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी केली. देवादिकांबरोबरच नाना फडणिसांसारख्या इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे या छापखान्याने घरोघर पोहोचविली. निबंधमालाकारांसारख्या विद्वानाला चित्रांचा छापखाना काढावासा वाटला, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत निबंध जात नाही, चित्र जाते, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला आणि १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. फ्रिट्झ श्लायशर हे जर्मन तंत्रज्ञ तेथे काम पाहत. विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना त्यांच्याच मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधील देवदेवतांचा आणि राजेराण्यांचा पेहराव प्रेक्षकांना ओळखीचा वाटला, त्याचे एक कारण त्यांच्या घरच्या भिंतीवर होते.

शिळाछाप म्हणजे काय, हे आज फारसे कोणी पाहिलेले नाही. बव्हेरियातून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढीत. दगड ओला केला म्हणजे रेखाटलेला भाग पाणी धरीत नाही, तेथे फक्त शाई बसते. प्रत्येक रंगाला दगड निराळा. मोठ्या चित्रास असे दहा-बारा दगड, प्रसंगी त्याहूनही अधिक लागत आणि प्रत्येक कागद तितक्याच वेळा यंत्राखालून जाई. शेवटी वरून चकाकी देत. तैलचित्राचा आभास देणारी ही छपाई म्हणून तिला ओलिओग्राफ म्हणत. मूळ तैलचित्रे संस्थानिकांच्या वाड्यांत राहिली, पण त्यांच्या या छापील प्रती शेतकऱ्याच्या घरात आल्या. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांनाही लक्ष्मीचे समोरासमोर दर्शन घेता आले. कलासमीक्षकांनी या चित्रांना कितीही नाके मुरडली, तरी ही गोष्ट लहान नाही.

१९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. छापखान्याजवळचा बराच मूळ ठेवा त्या आगीत गेला. त्यामुळे आज त्या छापखान्याचा अभ्यास करणाऱ्याला घरोघरच्या भिंतींकडे वळावे लागते. मूळ दप्तर जळाले आणि त्याच्या नकला तेवढ्या रयतेच्या घरात उरल्या, असा हा प्रकार आहे. महसूल खात्यातील मंडळींना अशा नकलेचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या परिसरात या. कल्याणहून वाशिंदपर्यंत आगगाडी आली ती १८५५ मध्ये. १८६१ पासून ती कसाऱ्यापर्यंत जाऊ लागली. मुंबईच्या बाजारातील कापड, कंदील आणि काचेचे सामान ज्या वाटेने या मुलखात आले, त्याच वाटेने छापील चित्रही आले. मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौष पौर्णिमेची यात्रा भरते. ती बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असली, तरी घरी परतणाऱ्याच्या पिशवीत देवाची एखादी तसबीरही असतेच. टिटवाळ्याच्या गणपतीचे दर्शन घेऊन येणाऱ्यांचेही तसेच. अशा रीतीने एकेका भिंतीवर पिढ्यांचे थर साचत गेले. ती भिंत उलगडून वाचता येते. आजोबांनी आणलेले रविवर्म्यांचे सरस्वतीचे चित्र, त्याशेजारी स्वातंत्र्यानंतरचे गांधी-नेहरू, एखाद्या घरी १९६५ च्या युद्धानंतरचे लालबहादूर शास्त्री, आणि सत्तरीनंतर सर्वत्र दिसू लागलेले साईबाबा. बौद्ध वस्तीतील भिंत तर तारीखवार बोलते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि घराघरांतून जुने देव उतरले, त्या खिळ्यांवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. एवढे मोठे सामाजिक परिवर्तन, पण कोणते चित्र उतरले आणि कोणते चढले याची गाववार नोंद कोणत्या कचेरीत आहे? ती फक्त भिंतीवर होती आणि घरातील वृद्धांच्या स्मरणात आहे.

याच भिंतीवर दुसरीही एक चित्रकला नांदत होती. शेणामातीने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिणाऱ्या वारली सुवासिनींची ती कला. तो चौक लग्नापुरता असे, मग पुसला जाई किंवा झिजून जाई. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांच्या प्रयत्नाने ती चित्रे कागदावर आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. जी कला पुसण्यासाठीच काढली जात होती तिचे जतन झाले आणि जी हजारो प्रतींनी छापली गेली ती दुर्मिळ होत चालली, हा विरोधाभास मला विचारात पाडतो. कारण उघड आहे. हजारो प्रती असल्या म्हणजे आपल्याजवळची प्रत कोणी जपत नाही. सर्वांनाच तसे वाटते आणि एक दिवस कोणाजवळच ती सापडत नाही.

तसे पाहिले तर प्रत्येक प्रत निराळी असते. कित्येक घरांतील लक्ष्मीला खऱ्या जरीचा काठ, टिकल्या आणि मणी लावलेले आढळतात. सरस्वतीच्या छापील लुगड्यावर कापडाचे लुगडे कापून चिकटविलेले असते. हे काम त्या घरातील स्त्रियांचे. छापखान्यातून निघालेल्या सारख्या प्रतींतून त्यांनी आपली एक देवता वेगळी केली. अशा चित्रावर चित्रकाराचे नाव असते, छापखान्याचे असते, सही मात्र जिने चार दुपारी बसून जर टाचली तिची नसते. तिचे नाव सांगणारे कोणी घरात असेल तर ते आजच विचारून ठेवले पाहिजे.

या विषयाचा गांभीर्याने अभ्यास होऊ लागला तो अलीकडच्या चाळीसेक वर्षांत. ख्रिस्तोफर पिनी यांचा 'फोटोज ऑफ द गॉड्स' हा ग्रंथ २००४ मध्ये आणि कॅलेंडरांच्या व्यवसायावरील काजरी जैन यांचा 'गॉड्स इन द बझार' हा ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्योतींद्र जैन यांनी अशा चित्रांची प्रदर्शने भरवून त्यांना दालनात मानाने बसविले. २००६ मध्ये सुमती रामस्वामी, ख्रिस्तिआने ब्रोसिउस आणि युसूफ सईद यांनी 'तसवीर घर' हा उपक्रम सुरू केला. या दप्तराला इमारत नाही, चित्रांच्या संगणकीय प्रती हाच त्याचा संग्रह. दिल्लीच्या प्रिया पॉल यांच्या संग्रहातील ४,००० हून अधिक चित्रे, लेबले आणि कॅलेंडरे या उपक्रमात संगणकावर उतरविण्यात आली. मूळ वस्तू मालकाकडेच राहते आणि अभ्यासकाला तिची प्रतिमा व माहिती मिळते, ही त्यातील मुख्य कल्पना. आपल्यासारख्या ग्रामीण भागाला ती विशेष उपयोगी आहे, कारण घरातला देव काढून संग्रहालयाला द्या असे आपण कोणालाही सांगू शकत नाही आणि सांगूही नये.

महाराष्ट्रातही ठेवा थोडा नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपटांबरोबर भित्तिपत्रकेही जमवीत आले आहे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे पाहावयास मिळतात. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आज ज्ञात असलेल्या अतिशय जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या मूकपटाचे भित्तिपत्रक येते. शिवकालीन कल्याणचा तो प्रसंग येथून काही मैलांवरचा! दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगांवकर आणि एस. एम. पंडित यांची नावे आपणांपैकी अनेकांना दिवाळी अंकांच्या आणि कॅलेंडरांच्या निमित्ताने ठाऊक असतील. परंतु हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये जसे राष्ट्रीय अभियान उभे राहिले, तसे छापील लोकचित्रांसाठी उभे राहिले नाही. ती ना हस्तलिखितात बसतात, ना ग्रंथात, ना मूर्तिशिल्पात. शासकीय वर्गीकरणात ज्याला रकाना नसतो, त्याची काय अवस्था होते हे आपण जाणताच.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. तरुणपणी मीही अशी चित्रे जमविली. जुनी तसबीर मिळाली की मी चौकट उचकटून चित्र काढी, मागची फळी, मळलेला पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद फेकून देई. मला चित्र हवे होते. पुष्कळ वर्षांनी एका अभ्यासकाने विचारले, "ही कोणाच्या घरची? केव्हापासून होती?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मागच्या कागदावर चौकट करणाऱ्या दुकानदाराची चिठ्ठी होती, त्या वर्तमानपत्रावर तारीख होती, एकावर तर लग्नात आहेर कोणी दिला ते शाईने लिहिलेले होते. ते सर्व मी माझ्या हाताने केरात टाकले. आज माझ्याजवळ चित्रे आहेत, पण त्यांचा गाव नाही. ज्या चित्राचा गाव गेला ते अर्धे नष्टच झाले, असे मी आता समजतो आणि म्हणूनच संग्रहापेक्षा नोंदीचा आग्रह धरतो.

नोंद करणे कठीण नाही. आज प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारा दूरध्वनी आहे. प्रथम चित्र जागेवर असतानाच सगळ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे. कोणता देव वर, कोणता पुढारी खाली, दिवंगत वडिलांचे छायाचित्र कोठे, हे त्यात राहते. मग एकेका चित्राचे घ्यावे. दिवसाच्या उजेडात, झोत न टाकता, शेजारी मोजपट्टी धरून. काचेत आपलेच तोंड दिसत असेल तर जरा तिरपे उभे राहावे. त्यानंतर पाठीमागचे छायाचित्र, आणि हे कधीही विसरू नये. चित्राच्या खालच्या समासात छापखान्याचे नाव असते. 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आढळली तर ती मुद्दाम टिपावी. चौकटवाल्यांनी पुष्कळदा हा समास कापून टाकलेला असतो. कॅलेंडराच्या तारखाही अशाच कापल्या जातात, दुकानाचे नाव मात्र उरते. ते नाव महत्त्वाचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी या रस्त्यावर कोणाची भातगिरणी होती आणि कोणाची पेढी, हे एखादे वेळी फक्त लक्ष्मीच्या पायाखालच्या त्या ओळीतच उरलेले असते.

शाळेतील मुलांना एक भिंग द्या. शिळाछापाच्या चित्रात रंगाचे ठिपके हाताने टाकलेले, लहानमोठे आणि विस्कळीत दिसतात. पुढच्या काळातील ब्लॉकच्या किंवा ऑफसेटच्या छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. एवढ्या फरकावरून चित्राचा काळ ढोबळमानाने ठरविता येतो. सहावी-सातवीच्या मुलांना यात विलक्षण गोडी वाटते, असा माझा अनुभव आहे. इतिहासाचे साधन म्हणजे काय, हा धडा त्यांना निराळा शिकवावा लागत नाही.

जतनाविषयी थोडे. आपल्याकडचा पाऊस आपणांस माहीत आहे. ओल, वाळवी आणि कसर हे या चित्रांचे तीन शत्रू आणि चौथा शत्रू म्हणजे चिकटपट्टी. फाटलेल्या चित्राला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तेथे तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही. हौसेने लॅमिनेशन करून घेणारे पुष्कळ भेटतात. ते चित्राला कायमचे कोंडणे होय, पुन्हा सोडविता येत नाही. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये, तसेच राहू द्यावे. तसबीर ओलसर भिंतीला टेकलेली असेल तर मागे लाकडाचे दोन तुकडे लावून वारा खेळेल अशी ठेवावी. सुटे कागद घडी न घालता, आडवे, उजेडापासून दूर ठेवावेत. याहून अधिक उपचार घरी करू नयेत. तेलाने किंवा ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह तर मुळीच नको.

सर्वांत नाजूक प्रश्न विसर्जनाचा. देवाची तसबीर जीर्ण झाली की ती नदीत सोडावी किंवा पिंपळाच्या पाराशी ठेवावी, हा आपला आचार आहे. या भागात घरकुले झाली, महामार्गाला जमिनी गेल्या आणि मोबदल्यातून पक्की घरे उभी राहिली. मातीच्या भिंतीबरोबर तिच्यावरची चित्रेही उतरली आणि त्यांतील पुष्कळशी भातसेच्या पाण्यात गेली. नव्या घराच्या रंगवलेल्या भिंतीला कोणी खिळा मारू देत नाही. फार तर एक कालनिर्णय असते. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्या दिनदर्शिकेने मराठी घराला तिथी, सण आणि रेल्वेचे वेळापत्रकही दिले, परंतु चित्राची जागा तारखांनी घेतली हेही खरे. विसर्जन करू नका, असे मी म्हणणार नाही. तो अधिकार त्या घराचा आहे. माझी विनंती एवढीच की, विसर्जनापूर्वी पुढून आणि मागून अशी दोन छायाचित्रे घेऊ द्यावीत आणि चार ओळी सांगाव्यात. कोणाचीही श्रद्धा त्याने दुखावत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी हे सांगितले तर लोक ऐकतील, बाहेरचा अभ्यासक सांगू लागला तर संशय येईल, आणि तो रास्तही आहे. जुन्या तसबिरी स्वस्तात नेऊन शहरात विकणारे गावोगाव हिंडतच असतात.

अधिकारी आणि मुख्याध्यापक मंडळींना आणखी एका भिंतीची आठवण करून देतो, ती शासनाची स्वतःची. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, देवी निर्मूलनाची आणि हिवतापाची भित्तिपत्रके, अल्पबचतीच्या पाट्या, शाळेतील 'आदर्श बालक' आणि फळाफुलांचे तक्ते, ही सर्व लोकचित्रकलाच आहे आणि तिचा आश्रयदाता शासन आहे. हे तक्ते जडसंग्रह नोंदवहीत चढतात आणि काही वर्षांनी त्यांचे रीतसर निर्लेखन होते. वहीत 'तक्ते, जीर्ण, नग अमुक' एवढेच उरते. निर्लेखनाच्या प्रस्तावाला प्रत्येक तक्त्याचे एकेक छायाचित्र जोडण्यास कोणत्याही नव्या तरतुदीची गरज नाही. मुख्याध्यापकाने मनावर घेतले म्हणजे पुरे.

कायद्याची एक बाब ध्यानात ठेवावी. स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे सर्वांना मोकळी आहेत. दलाल १९७१ मध्ये आणि मुळगांवकर १९७६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चित्रांवरील हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ अखेरपर्यंत राहतात. अभ्यासासाठी नोंद ठेवणे वेगळे आणि पुन्हा छापून विकणे वेगळे. नोंदीत घरमालकाचे नाव त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, हेही मी त्याच आग्रहाने सांगेन.

काम कोठून सुरू करावे, असे आपण विचाराल. पितृपंधरवडा आणि दसरा यांच्या दरम्यान आपल्याकडे घरे झाडली जातात, जाळ्या निघतात, तसबिरी उतरवून अंगणात उन्हाला ठेवल्या जातात. वर्षातून एकदाच त्यांची पाठ दिसते. त्या आठ-दहा दिवसांत एका शाळेतील वीस मुलांनी प्रत्येकी पाच घरे केली तर शंभर भिंतींची नोंद होते. वही शाळेच्या दप्तरात ठेवावी, एक प्रत गावच्या ग्रंथालयाला द्यावी आणि छायाचित्रे दोन ठिकाणी साठवावीत, कारण दूरध्वनी हरवतात. वहीचे रकाने मी फळ्यावर लिहून दिले आहेत : गाव व वस्ती, भिंतीवरील जागा, चित्राचा विषय, समासातील मजकूर, मागील बाजूचा मजकूर, कोणी आणले, कोणी सांगितले. शेवटचा रकाना मोठा ठेवा, तो सर्वांत आधी भरतो.